तूबूखालची आठ एकर

नरसिंहरावानं हातात दिलेला कागद अंबुजाबाईंनी मुद्दाम उलटा धरला, आणि चष्मा नाकावर नीट बसवून तो बराच वेळ वाचला. दोन्ही मुलं समोर बसली होती. हसायची छाती कुणाची झाली नाही.

"उलटा आहे, आई," नरसिंहराव शेवटी म्हणाला.

"सुलटा धरला तर त्यात माझ्या सोयीचं निघणार आहे का काही? तूच वाच. तुला एवढा शिकवला तो कशाला."

नरसिंहरावानं वाचलं. होन्नेकेरेच्या शेतकऱ्यांनी मिळून यंदा पाणी संघ काढला होता, त्या संघाचा तो कागद. गावची केरे, म्हणजे तळं, यंदा निम्मीच भरली. खाली साठ एकर भिजते, पण एवढ्या पाण्यावर वीस एकरांपलीकडं भात निघणार नाही. म्हणून संघानं जुन्या रीतीनं दामाशा करायचं ठरवलं होतं. तूबूजवळची, म्हणजे बांधाखालून पाणी सुटतं त्या दगडी तोंडाजवळची वीस एकर तेवढी पिकवायची, आणि ती सगळ्या घरांनी वाटून घ्यायची. ज्याची जेवढी जमीन, त्याला तिचा तिसरा हिस्सा. फक्त एका सुगीपुरतं. कापणी झाली की ज्याची त्याला परत.

त्या वीस एकरांतली आठ अंबुजाबाईंच्या नावावर होती. त्यांच्या सहीवाचून सगळंच अडायचं. म्हणून संघाची माणसं रविवारी दहा वाजता बंगळूरला, चामराजपेटेच्या घरी येणार होती.

"रविवार म्हणजे आज," बाई म्हणाल्या.

"होय, आजच."

"आणि हा कागद कधी आला?"

नरसिंहरावानं घसा साफ केला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या बायकोनं, वीणानं उत्तर दिलं. "गेल्या सोमवारी, अत्ते. यांच्या ऑफिसच्या पिशवीत होता."

"सरी, बरं," अंबुजाबाई म्हणाल्या. "कागदानं पण ऑफिस बघितलं."

त्यांनी मुलांकडं नीट बघितलं. थोरला व्यंकोजी देवनहळ्ळीच्या पलीकडं, होन्नेकेरेत राहून शेती करायचा. धाकटा नरसिंहराव सरकारी नोकरीतला, या घरात आईजवळ. चार वर्षं दोघा भावांचं बोलणं नव्हतं. बापाच्या वर्षश्राद्धाला जेवले ते एकमेकांकडं पाठ करून. आणि आज व्यंकोजी पहिल्या बसनं आला काय, नरसिंहरावानं त्याला आपल्या हातानं कॉफी आणून दिली काय, दोघं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसले काय. आईला बघून बरं वाटायला हवं होतं. अंबुजाबाईंना वाटलं ते एवढंच, की दोन बोके भांडायचे थांबले तर आधी दुधाचं भांडं बघावं.

"आई, सरळ नको म्हणून सांग," व्यंकोजी म्हणाला. "सही तुझी. तू नाही म्हणालीस तर काय करणार आहेत ते?"

"का नको म्हणू?"

"का म्हणजे? बाबांचा शब्द विसरलीस?"

विसरायला तो शब्द बाईंच्या देखत दिलेला होता. कूळकायदा आला तेव्हा त्यांची जमीन कसणाऱ्या यल्लव्वाच्या नवऱ्यानं अर्ज केला, आणि पाटाच्या शेपटाकडची, पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं तिथली दोन एकर त्याच्या नावावर झाली. त्या दिवशी बाईंचे यजमान विठोजीराव कचेरीतून घरी आले, डोक्याचा रुमाल खुंटीला लावला, आणि म्हणाले, यापुढं माझ्या जमिनीतलं ढेकूळसुद्धा कुणाला उसनं मिळणार नाही. तूबूजवळच्या बाकीच्यांनीही तेच धरलं. आज सुगीपुरती द्यायची, उद्या कूळ म्हणून उभा राहायचा, कोण देणार? दामाशा तिथंच बंद पडला. तेव्हापासून वीस वर्षं केरे अर्धी भरली की वरची शेतं पिकायची आणि शेपटाकडची माणसं बंगळूरला येऊन विटा वाहायची.

"शब्दाचं राहू दे," नरसिंहराव म्हणाला. "कायद्याचं बघ, आई. पहाणीत, पीक कोण घेतंय ते सरकार लिहून ठेवतं त्या कागदात, एकदा दुसऱ्याचं नाव चढलं की पुसायला जन्म जातो. आठ एकरांत पंधरा जणांची नावं. मग कोण विचारणार त्या जमिनीला?"

"कोण विचारतंय आता?"

नरसिंहरावानं कागदाची घडी घातली. वीणा पदराला हात पुसत बाहेर आली. धारवाडची मुलगी, बोलायची कमी, पण बोलली की चिमटा काढल्याशिवाय राहायची नाही.

"ते देवनहळ्ळीचे लेआउटवाले विचारतायत, अत्ते. दोनदा येऊन गेले. तुम्ही देवळात गेला होता तेव्हा. त्यांना प्लॉट पाडायला मोकळी जमीन पाहिजे, पीक नको, माणसं नकोत."

"वीणा," नरसिंहराव म्हणाला.

"काय वीणा? खोटं सांगतेय का मी? सही मागायला शेवटी अत्तेंकडंच यायचं होतं तुम्हाला."

अंबुजाबाईंनी सुनेकडं बघितलं. सात वर्षांत या पोरीनं नवऱ्याविरुद्ध ब्र काढला नव्हता. आणि मग त्यांनी व्यंकोजीकडं बघितलं. लेआउटचं ऐकून त्याचा जीव खालीवर व्हायला हवा होता. शेतीवर जगणारा तो. पण तो पायाची बोटं बाकाखाली ओढून घेत होता. धोतर धुतलेलं, अंगरखा इस्त्रीचा, आणि घोट्याच्या वर वाळलेल्या चिखलाची एक राखी रेघ राहून गेली होती.

कार्तिकात, केरेचं पाणी सुटायच्या आधी, याच्या पायाला चिखल कुठला लागला?

*

टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून माणसं कोपऱ्यावरून चालत आली. सात जण होते. पुढं फाइल धरून नागराज, संघाचा सेक्रेटरी, यल्लव्वाचा मुलगा. मागं हातात वेळूची काठी घेऊन मुनियप्पा, गावचा नीरगंटी. पाणी सोडायचं आणि वाटायचं काम त्याच्या घराण्याचं, बापआजापासून. घड्याळ न बघता तो सांगायचा की कुणाचं शेत कधी भिजून होईल, आणि त्याच्या सांगण्यावर गावात कधी भांडण झालं नव्हतं. सगळ्यांत मागं यल्लव्वा. तिचा बाप विहिरी खोदत निपाणीकडून इकडं आला आणि पोरगी इथंच दिली, म्हणून ती कानडी गावात मराठी बोलायची आणि दोन्ही भाषांत कुणाला घाबरायची नाही.

वीणानं सतरंजी टाकली, कॉफी आणली. यल्लव्वानं पेला दोन घोटांत रिकामा केला आणि म्हणाली, "बाई, कॉफी ब्येस. पण आम्ही काय कॉफीसाठी आलो नाही."

"ते दिसलंच मला. सात जण आलात. एकट्यानं यायचं धाडस झालं नाही कुणाचं."

"तुमच्यासमोर सात जण कमीच पडतात," यल्लव्वा म्हणाली, आणि सतरंजीवरचे दोघं-तिघं खाली बघून हसले.

नागराजनं फाइल उघडली. आवाज शाळेतल्यासारखा लावला. "अक्का, संघाच्या बेचाळीस घरांपैकी सदतीस घरांनी..."

"ते वाचून झालं माझं," बाई म्हणाल्या. नरसिंहरावानं आढ्याकडं बघितलं. "मी मुनियप्पाला विचारते. मुनियप्पा, पाणी किती आहे?"

म्हातारा उठून उभा राहिला. बाईंशी तो बसून कधी बोलला नव्हता. "पौर्णिमेला आठ आणे होती केरे, अक्का. म्हणजे अर्धी. आज सात."

"नऊ दिवसांत आणा गेला?"

"गेला."

"कुठं?"

मुनियप्पानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ऊन होतं की आई चांगलंच," व्यंकोजी म्हणाला.

"कार्तिकातलं ऊन नऊ दिवसांत आणा पितं होय रे? मग वैशाखात तर केरेचे दगडच गिळून टाकेल. तू गप. मी ह्याला विचारलंय."

"अक्का," मुनियप्पा हळू म्हणाला, "पाणी मोजायचं काम माझं. माणसं मोजायचं तुमचं."

बाईंना कळलं. घोट्यावरची राखी रेघ बघितली तेव्हाच निम्मं कळलं होतं. उरलेलं आता कळलं. तरी त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. स्वतःच्या मुलाच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. व्यंकोजीनं पाय आणखी आत घेतले.

"मी सांगते," यल्लव्वा म्हणाली. "आठवडा झाला. व्यंकोजीरावांनी मुनियप्पाच्या हातातनं तूबूच्या बुचाचा दांडा काढून घेतला. आठच्या आठ एकर भिजवली, चिखलणी केली, आणि बांधाच्या अंगाला लावणीच्या रोपांसाठी भाताचा तरवा टाकला. चांगला उगवून आलाय. हिरवागार. खोटं कशाला बोलू, बघून डोळे निवाले माझे."

"चिखलणी?" नरसिंहराव ताडकन उठला. "अण्णा, तू मला म्हणालास जमीन मोकळी आहे. येत्या गुरुवारी ती माणसं बघायला येणार होती."

"येऊ देत की. चिखलात उभी करतो एकेकाला."

"मग माझ्या बाजूनं बोलायला का आलास?"

"तुझ्या बाजूनं? मी माझ्या बाजूनं बोलतोय. आईनं आज नको म्हटलं, की उद्यापासून लावणी करायला मी मोकळा. तुझ्या प्लॉटांचं तू बघ."

भावाभावांची एकी कॉफी निवायच्या आत संपली. नरसिंहराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. वीणानं दोघांच्या मधून रिकामे पेले उचलले आणि जाता जाता म्हणाली, "बरं झालं. आता निदान आपापलं तरी बोलाल."

अंबुजाबाई हे ऐकत नव्हत्या. पाहुण्यांच्या देखत, ज्यांच्याविरुद्ध विठोजीराव शेवटपर्यंत ताठ मानेनं उभे राहिले त्यांच्या देखत, आपल्या घरातल्या माणसानं पाणी चोरलं हे निघालं होतं. एखाद्या शेपटाकडच्यानं असं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या याच बाईंनी काढल्या असत्या.

"मागितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"आपण कुणाला मागायचं?" व्यंकोजीचा आवाज चढला. "पहिलं पाणी आपलंच आहे, आई. पहिल्यापासून. तूच सांगत आलीस आम्हाला."

"होय, मीच सांगितलं. कशामुळं होतं ते सांगितलं होतं का?"

"बांध फुटला तेव्हा पणजोबांनी तो बांधून काढला म्हणून."

"त्याच्यापुढचं?"

व्यंकोजीला पुढचं माहीत नव्हतं. चूक त्याची नव्हती. पुढचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पुढचं म्हणजे, दर वर्षी केरेतला गाळ काढायची पहिली पाटी आपल्या घरची. तुझा आजा गळ्यात सोन्याची साखळी घालून गाळाची पाटी डोक्यावर घ्यायचा. मी बघितलंय. चिखल गळायचा साखळीवरनं. शेवटची पाटी आपल्या घरातनं कधी गेली? तुझ्या लग्नाच्या आधी. पाटी सोडली आणि पाणी तेवढं धरून बसलो."

व्यंकोजीनं बाकाचा कोपरा खरवडायला सुरुवात केली. पन्नाशीला आलेला माणूस, पण आई बोलायला लागली की त्याचं नख बाकावर जायचं.

*

"यल्लव्वा, पुढं ये," अंबुजाबाई म्हणाल्या.

यल्लव्वा सतरंजीच्या कडेला येऊन बसली. दोघी जवळपास एका वयाच्या. आजच्या आधी वीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बाजारात दिसल्या तरी एक या बाजूनं जायची, एक त्या बाजूनं.

"माझ्या नवऱ्याची दोन एकर तुम्ही घेतली."

"घेतली."

"उद्या ही आठ घ्याल."

"नाही घेणार."

"का? पोट भरलं?"

"पोट कुणाचं भरतंय, बाई. ती दोन एकर माझ्या सासऱ्यानं कसली. त्याच्या बापानं कसली. मी पोटुशी असताना त्यातच भांगलत होते. कसलेलं होतं, ते मागितलं. तुमच्या आठ एकरांत आमचा घाम कधी पडला नाही. ती मला नकोत. मला एका सुगीचं भात पायजे. तीन वर्षं झाली, माझ्या शेताला पाण्याचं तोंड दिसलं नाही."

"आणि पहाणीत नाव घातलंस तर?"

"अक्का, ठरावात स्पष्ट..." नागराजनं फाइल पुढं केली.

"तू थांब रे. तुझी आई बोलतेय."

यल्लव्वानं थोडा विचार केला. "नाव घातलं तर तुम्ही माझ्या दारात येऊन बसाल. तुम्हाला मी चांगली वळखते. तुम्ही उठायच्या नाहीत. आणि तोंडाचा पट्टा चालू राहील तो राहीलच. ते मला परवडायचं नाही."

यावेळी सगळेच हसले, मुनियप्पासुद्धा. बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

"एवढी अक्कल आहे तुला, हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलंच नाही कधी."

अंबुजाबाईंनी उजवा गुडघा हातानं चोळला. तो दुखत होता, आणि विचार करायचा असला की त्या तोच चोळायच्या. विठोजीराव कोर्टात सांगत राहिले की ते कूळ नव्हतंच, मजुरीवर ठेवलेली माणसं होती. कागदावर तसं लिहूनही दिलं. आणि बाई घरात गप्प बसून राहिल्या, कारण नवऱ्याच्या तोंडावर खोटं म्हणायची रीत त्या घरात नव्हती. पण सुगी झाली की यल्लव्वाचा सासरा अर्धं पीक आणून अंगणात ओतायचा. मजूर पीक आणून देतो होय? ते माप कोण घ्यायचं?

"माप मी घ्यायची," त्या एकदम म्हणाल्या. कुणाला काही कळलं नाही. "तुझा सासरा वाट्याचं धान्य आणून टाकायचा, आणि पायलीनं मी मोजून घ्यायची. शीग लावून घ्यायची, वर चार दाणे जास्तच. यांना ते कोर्टात आठवलं नाही. मला रोज आठवत होतं."

यल्लव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. नागराजनं फाइल मिटली.

"आई," नरसिंहराव दबक्या आवाजात म्हणाला, "या सगळ्यांसमोर..."

"मग कुणासमोर? तुझ्या लेआउटवाल्यांसमोर?"

"बाबांचा शब्द..." व्यंकोजी म्हणाला.

"त्यांचा शब्द त्यांनी पाळला, मरेपर्यंत पाळला. मी कधी आड आले नाही. जमीन आता माझ्या नावावर आहे, आता शब्द माझा. आठ एकर दामाशाला दिली." त्यांनी एक हात वर केला, कारण सतरंजीवर कुजबुज सुरू झाली होती. "थांबा. फुकट देत नाही मी काही. एक, आमच्या हिश्शाला काय येतं ते आम्ही सगळ्यांबरोबर चिठ्ठीनं घेणार. नरसू, किती येतं?"

नरसिंहराव रागावला होता, पण हिशेब विचारला की त्याला राहवायचं नाही. "दोन एकर सव्वीस गुंठे."

"दोन एकर सव्वीस गुंठे. कुठं येईल तिथं. पहिला वाफा आमचा, असलं काही नाही. दुसरं, व्यंकोजीनं टाकलेला तरवा सगळ्यांचा. तो वीस एकरांना पुरेल?"

"नाही पुरायचा," व्यंकोजी म्हणाला.

"बी आठ एकरांचं टाकलंय," यल्लव्वा म्हणाली. "दाट टाकलंय पण. बारा होतील. उरलेलं आम्ही घालतो."

"मग बारा. तो आपल्या घरचा दंड. आणा प्यायला ना, तो असा भरून द्यायचा. तिसरं, बुचाचा दांडा आजपासून मुनियप्पाच्या हातात. दुसऱ्या कुणी हात लावला तर संघानं त्याला काय करायचं ते करावं, मी सोडवायला येणार नाही. पोटचा असला तरी."

व्यंकोजी उठला. क्षणभर वाटलं तो निघून जाईल. मग तो दाराशी उभा राहिला, पाठ करून, बाहेर गल्लीत बघत.

"आणि चौथं," नागराज लिहिता लिहिता म्हणाला.

"चौथं नाही. चौथं मागायला मी काय सावकार आहे? हां, एक आहे. आधी यल्लव्वाचा अंगठा. एका सुगीपुरतं, ह्याच्यावर. मग माझी सही. देणाऱ्यानं आधी सही केली तर घेणाऱ्याला झोप लागते. मला तुम्हाला झोपवायचं नाही."

यल्लव्वानं अंगठा शाईत बुडवला आणि दाबला. मग नागराजनं कागद बाईंसमोर धरला, आणि या वेळी तो सुलटा होता. बाई दुसरी इयत्ता शिकलेल्या. त्यांनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढायला घेतलं. 'अं' झाला. 'बु' झाला. 'जा'ची काठी कागदाबाहेर निघाली. कुणी घाई केली नाही. सही पूर्ण व्हायला बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ व्यंकोजी दारातून वळून आईच्या हाताकडं बघत होता.

"चिठ्ठ्या कधी टाकणार?" त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं.

"पुढच्या रविवारी, अक्का."

"पुढच्या रविवारपर्यंत आणखी आणा जाईल. टेम्पो कोपऱ्यावर आहे ना? वीणा, माझी शाल दे."

*

टेम्पोत बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागं सगळे, आणि त्यांच्यात व्यंकोजी. नरसिंहराव घरी राहिला. येलहंका ओलांडली तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे चुनखडीचे दगड पुरलेले दिसायला लागले, शेतांचे चौकोन केलेले. बाईंनी ते मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढं सोडून दिलं.

टेम्पो केरेपाशी पोचला तशी घरोघरची माणसं बांधाखाली गोळा झाली. चिठ्ठ्या म्हणजे कागद नव्हेतच. दामाशात ज्यानं त्यानं आपली खूण द्यायची. कुणी चिंचोका दिला, कुणी विडीचं थोटूक, कुणी बैलाच्या गळ्यातला मणी, कुणी नाचणीचं कणीस. अंबुजाबाईंनी पदराच्या टोकाचा धागा तोडून त्याची गाठ मारून दिली. सगळ्या खुणा मुनियप्पाच्या पंच्यात गेल्या. तूबूपासून एकेक वाफा पुकारायचा, आणि डोळे मिटून एक खूण उचलायची.

पहिला वाफा चिंचोक्याला गेला. दुसरा मण्याला. यल्लव्वाचं कणीस सातवं निघालं, ऐन तरव्याच्या शेजारचं, बाईंच्याच जमिनीतलं, आणि ती तिथं जाऊन आपल्या हद्दीवर पाय रोवून उभी राहिली. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. पंच्यात दोन खुणा उरल्या तेव्हा व्यंकोजी बांधाच्या पायथ्याशी मटकन बसला.

धागा शेवटी निघाला. वीस एकरांच्या शेवटच्या टोकाचं शेत, दुसऱ्याच्या मालकीचं, पाटाला तिथं वळण होतं आणि खाली खडक.

"उलटी गंगा," कुणीतरी म्हणालं. हळूच म्हणालं, पण बाईंनी ऐकलं.

"गंगा नाही रे, आधी पाणी येऊ दे तिथं," त्या म्हणाल्या. "मुनियप्पा, बूच उचल. पाट शेवटपर्यंत चालतो का ते बघू."

त्या गुडघा धरत पाटाच्या कडेनं चालत गेल्या. यल्लव्वा आपला वाफा सोडून त्यांच्यामागं आली. पाट वरच्या अंगाला साफ होता, कारण तो व्यंकोजी साफ ठेवायचा. आपलं शेत संपलं तिथून पुढं गवत माजलं होतं, एरंड उगवले होते, एके ठिकाणी तर कुणीतरी तुटकी खाट टाकून दिली होती. बाईंनी वळून बघितलं.

"व्यंकोजी. खोरं घे."

"आई, हा पाट काय आपला..."

"आजपासून आहे. शेवटच्या वाफ्याला पाणी पाहिजे तर मधला गाळ कोण काढणार? तुझा बाप?"

व्यंकोजीनं इस्त्रीचा अंगरखा काढून एरंडाच्या फांदीवर टाकला आणि खोरं हाणलं. दोन-तीन माणसं त्याच्या मदतीला आली. मुनियप्पानं वर बूच उचललेलं असणार, पण खाली पाण्याचा पत्ता नव्हता.

शेवटच्या शेताच्या बांधावर अंबुजाबाई बसल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं शेत तूबूखाली होतं. बूच उचललं की पाणी त्यांच्या वाफ्यात. पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. त्या पाटाच्या कोरड्या वळणाकडं बघत राहिल्या. वरून खोऱ्यांचा आवाज येत होता.

"किती वेळ लागतो गं?" त्यांनी विचारलं.

"लागतो," यल्लव्वा शेजारी टेकत म्हणाली. "आम्ही तोवर भाकरी खाऊन घेतो."

"मग काढ की. बघतेस काय?"

यल्लव्वानं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी होती, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. तिनं ती मधोमध मोडली. दोघी वळणाकडं तोंड करून खायला लागल्या.